मार्च २०२० : अर्ध्यावर सोडलेली वाट

माळा आवरताना सॅकच्या कप्प्यातून ओआरएसची पुडी निघाली, चपटी, एक्सपायरी उलटलेली. ती मी नेपाळला नेली होती. तेव्हा सुचलं, आपल्यातले बरेच जण त्या मार्चमध्ये परदेशातल्या कुठल्या ना कुठल्या लांब वाटेवर होते आणि करोनामुळे मध्येच परतले. लिहा. सामानाची यादी नको, ‘निसर्गापुढे माणूस किती खुजा’ हेही नको. वाट सोडली तो दिवस लिहा.

माझं थोडक्यात. नेपाळमधली अन्नपूर्णा सर्किट ही डोंगरवाट, मनांग गावापर्यंत. थोरोंग ला ही खिंड (५,४१६ मी.) तीन दिवसांवर. नेपाळने एव्हरेस्टचा हंगाम रद्द केल्याची बातमी लॉजच्या चुलीपाशी कळली. आमचा गाइड ती ऐकून बोटांवर काहीतरी मोजू लागला. मला वाटलं, आमचे उतरायचे दिवस मोजतोय. तो हातचे गेलेले ग्रुप मोजत होता. त्याला ठरल्याप्रमाणे पूर्ण पैसे दिले आणि उतरलो. २४ मार्चला नेपाळ बंद झालं तेव्हा मी घरी होतो.

* * *

(ठाणे)

दादा, माझं लांबणार.

ते अरारोआ ही लांब पायवाट. न्यूझीलंडच्या उत्तर टोकाच्या केप रेइंगापासून दक्षिणेला ब्लफपर्यंत, साधारण ३,००० किमी. नोकरी सोडून नोव्हेंबरात निघाले होते. २३ मार्चला मोटाटापू या डोंगरी टप्प्याचे ते जीवघेणे चढउतार संपवून ॲरोटाउनला उतरले. आदल्या रात्री वाटेवरच्या मुक्कामाच्या झोपडीत, हटमध्ये, आम्ही चौघं होतो आणि वाद एकाच गोष्टीवर: गावात पोचल्यावर आधी बर्गर की आधी आंघोळ. डोंगरात रेंज नव्हती.

गावात शिरल्यावर फोन थरथरतच सुटला. तेव्हाच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी दुपारीच जाहीर केलं होतं, ४८ तासांत देश चौथ्या पातळीवर, म्हणजे सर्वांत कडक लॉकडाउनमध्ये. जिथे राहायचं ते ठरवा आणि तिथेच थांबा. डोंगरात जाणं बंद, कारण तुम्ही पडलात तर तुम्हाला शोधायला येणारेही धोक्यात. भारतात उतरणारी विमानं आदल्याच दिवशी थांबली होती. आईचा मेसेज एकच, “कुठे आहेस?” अकरा वेळा.

ब्लफ जेमतेम ३०० किमी. दोन आठवड्यांचं काम! चौघांतला एक म्हणाला, गुपचूप जाऊ, कोण बघतंय? खोटं कशाला बोलू, अर्धा तास मीही नकाशा उघडून बसले होते.

शेवटी गावातल्या एका निवृत्त बाईंनी मागची खोली दिली. तिकडे एका घरात कोंडलेल्यांना ‘बबल’ म्हणायचे. त्यांच्या बबलमध्ये मी. जवळजवळ पाच आठवडे. घराच्या आसपास चालायला परवानगी होती, पण रोज पंचवीस किलोमीटरची सवय लागलेले पाय गल्लीत कसे मावणार? पहाटे पाचला जाग यायची आणि अंथरुणातच हात आपोआप स्लीपिंग बॅग गुंडाळायला लागायचे. भूक मात्र डोंगरातलीच राहिली. त्यांचा ओट्सचा डबा मी आठवड्यात संपवला, मग लाजेपोटी लाकडं फोडू लागले. एकदा फोडणीचा भात केला, मोहरीशिवाय. त्यांनी दोनदा घेतला.

ब्लफचा तो पिवळ्या पाट्यांचा खांब अजून फोटोतच पाहिलाय. उरलेलं कधी, असं लोक विचारतात. बघू, म्हणते.

* * *

(नागपूर, तेव्हा न्यू जर्सी)

अमेरिकेतली ॲपलाचियन ट्रेल. ३,५०० किमीपैकी मी चाललो पावणेतीनशेच्या आत, त्यामुळे बढाई मारायला जागा नाही. २४ मार्चला ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्क बंद झालं आणि मी त्याच्या तोंडाशी होतो. ट्रेल तर त्यातूनच जाते.

पण मला थांबवलं ते कुलपाने नाही. चार दिवसांपूर्वी एका छोट्या गावात सामान घ्यायला गेलो होतो. काउंटरवरच्या आजीबाई एक पाऊल मागे सरकल्या. हसून, पण सरकल्या. रोज नवीन गावात शिरणारा माणूस म्हणजे काय, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

खरी गंमत नंतरची. पुढच्या पोस्ट ऑफिसांना मी माझ्याच नावाने शिध्याचे खोके पाठवून ठेवले होते. ते एकेक करून घरी परत येत राहिले. प्रत्येकात शेंगदाण्याची चटणी (ट्रेलवर माझं नावच ‘चटणी’ पडलं होतं) आणि मीच लिहिलेली चिठ्ठी: “भावा, इथवर आलास!” बायकोने दुसरी चिठ्ठी मोठ्याने वाचली. तिसरा खोका मी लपवून उघडला.

* * *

(पुणे)

आम्ही दोघं, तेव्हा वय ६३ आणि ६०. कामिनो दे सांतियागो, स्पेनमधल्या सांतियागोला जाणारी ख्रिस्ती पायी यात्रा. फ्रान्समधल्या सँ-झाँहून १ मार्चला निघालो, बर्फामुळे वरची वाट बंद म्हणून वालकार्लोसमार्गे. १३ला स्पेनमधलं बुर्गोस. यात्रेकरूंच्या मुक्कामाची व्यवस्था बघणाऱ्या हॉस्पिटालेरोने यात्रेकरूच्या पासबुकावर शिक्का मारला आणि शाईची डबी बंद करून खणात ठेवली. “उद्यापासून नाही,” एवढंच म्हणाला. १४ला स्पेनने आणीबाणी जाहीर केली. ह्यांचं म्हणणं होतं, दोन दिवस थांबून बघू. मी ऐकलं नाही. म्हणून १६चं विमान मिळालं. १८पासून युरोपातून येणाऱ्यांना भारताने दार लावलं. उतरल्यावर चौदा दिवस विलगीकरण.

त्या वर्षी ३० जूनला माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला निघालेल्या टीव्हीवर पाहिल्या. चार वाऱ्या केलेला माणूस, हे काही बोलले नाहीत. उठून पाय धुतले, मग येऊन बसले.

२०२२ला बुर्गोसपासूनच पुढे निघालो. हॉस्पिटालेरो वेगळा. तो नवीन पासबुक देऊ लागला, ह्यांनी जुनंच पुढे केलं. त्याने तारीख वाचली, आमच्याकडे पाहिलं, आणि जुन्या शिक्क्याला खेटून नवा मारला.

* * *

(ठाणे, पुन्हा)

काकू, त्या पानाचा फोटो टाका ना.