वॉरंटी संपली आणि फ्रिज बंद. 'पीसीबी गेला, गॅसही गेला' म्हणतात. कंपनी मोकळी का?

केळीपट्टा_रावेर
डबल डोअर फ्रॉस्ट-फ्री फ्रिज, इन्व्हर्टर कंप्रेसर, अडीच वर्षं झाली. पक्कं बिल आहे. कार्डावर पूर्ण फ्रिजला 1 वर्ष, कंप्रेसरला 10 वर्षं. आतला दिवा लागतो, पण कंप्रेसरचा आवाजच येत नाही. सर्व्हिस सेंटरच्या माणसाने दहा मिनिटांत सांगितलं: पीसीबी (म्हणजे कंप्रेसर चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेला, गॅस लीक आहे. पीसीबीचे 6,200, गॅसचे 3,400, व्हिजिट चार्ज वेगळा. कागद काहीच दिला नाही. वॉरंटी संपली म्हणजे विषय संपला का? की बाहेरच्या मिस्त्रीकडून स्वस्तात करून घेऊ?

सर्किटवाला_भुसावळ
भाऊ, त्याला आधी एवढंच विचारा: कंप्रेसर चालूच होत नाही, मग गॅस गेला हे कळलं कसं? गॅस गेलेला फ्रिज तासन्‌तास चालतो, फक्त गार करत नाही. बंद फ्रिजचा गॅस तपासायचा तर कंप्रेसरच्या चार्जिंग नळीला पिअर्सिंग व्हॉल्व्ह (नळीला भोक पाडून बसणारा) लावून गेज जोडावा लागतो. नळीवर व्हॉल्व्ह नाही, ताजी खूणही नाही, तर ते 3,400 अंदाजाचे आहेत. जॉइंटवर तेलाचा ओशट डाग दिसला असेल तर गोष्ट वेगळी, पण तसं त्याने लिहून द्यावं.

पीसीबीचंही तसंच. मिस्त्रीलाच उघडायला लावा, तुम्ही जवळून फोटो काढा. प्लग काढून दहा मिनिटं हात लावायचा नाही, मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर डीसी साठलेला असतो. सप्लाय येतो तिथे फ्यूजशेजारी चकतीसारखा, बहुधा निळा भाग दिसेल. तो एमओव्ही, जास्त व्होल्टेज आलं की बोर्ड वाचवणारा भाग. तो फुटून काळा पडला असेल तर लाइनमधून जास्त व्होल्टेज आलं होतं. तो आणि फ्यूज दोन्ही शाबूत, बोर्डाला सप्लाय येतोय, तरी कंप्रेसरकडे काही जात नाही, तर बोर्ड आतूनच गेला असं म्हणायला जागा आहे.

बोर्ड बदलण्याआधी कंप्रेसरच्या तीन पिना मीटरवर बघायला सांगा. कुठल्याही दोन पिनांत ओहम जवळपास सारखे आले पाहिजेत आणि पिन ते बॉडी काहीच लागायला नको, म्हणजे मीटरवर जोडणी दिसायला नको. एका जोडीत फरक आला किंवा बॉडीला लागलं, तर कंप्रेसरच गेलाय. तो 10 वर्षांच्या वॉरंटीत येतो. हे न बघता नवा पीसीबी बसवला तर तोही उडू शकतो, आणि पैसे पुन्हा तुमचेच.

बाहेरच्या मिस्त्रीबद्दल: मागच्या प्लेटवर गॅसचं नाव आणि वजन वाचा. आर-600ए असेल तर तो पेट घेणारा गॅस आहे. भरायचा असतो जेमतेम 50-60 ग्रॅम, तोही वजनकाट्यावर मोजून. स्वयंपाकघरात टॉर्च पेटवून वेल्डिंग करणारा, किंवा 'चालतो हो' म्हणत त्यात आर-134ए हा दुसराच गॅस भरणारा दारातच थांबवा. शिवाय बाहेरच्याने नळी कापली की कंप्रेसरच्या उरलेल्या साडेसात वर्षांवर कंपनी हात वर करते.

ग्राहकमित्र_धुळे
वरचं तांत्रिक उत्तर हाच तुमचा अर्धा खटला आहे.

वॉरंटी म्हणजे फुकट दुरुस्तीचं वचन. ते तारखेला संपतं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातला 'दोष' मात्र वॉरंटीच्या तारखेला बांधलेला नाही. फरक पुराव्याचा पडतो. वॉरंटीनंतर बिघाड मूळ बनावटीतला होता हे ग्राहकाला दाखवावं लागतं, आणि 'इतक्या लवकर बंद पडला' एवढ्यावर सहसा भागत नाही. तज्ज्ञाचा लेखी अहवाल हवा. तंत्रनिकेतन किंवा आयटीआयमधले रेफ्रिजरेशनचे शिक्षक विचारून बघा. ग्राहक आयोगही या कायद्याच्या कलम 38 खाली वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, मात्र तपासणीची फी आधी तक्रारदाराला भरावी लागते.

म्हणून दुरुस्तीला 'हो' म्हणण्याआधी जॉब शीट घ्या. त्यावर मॉडेल, सीरियल नंबर, नेमका बिघाड, तो कसा तपासला आणि पार्टनिहाय रक्कम हवी. पैसे घेऊन बिल न देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे सर्व्हिस सेंटरला नम्रपणे ऐकवा. बराच फरक पडतो.

मग कंपनीला ईमेल करा, तक्रार क्रमांक घ्या. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. ती न्यायालय नाही, हुकूम देत नाही, पण तिथून तक्रार वरच्या ऑफिसात पोचते आणि मजुरी माफ किंवा पार्टवर सूट अशी तडजोड बऱ्याचदा तिथेच निघते. साडेनऊ हजारांच्या कामाला मला हाच टप्पा सर्वात फायद्याचा वाटतो.

नाहीच जमलं तर स्पीड पोस्टाने 15 दिवसांची नोटीस आणि जिल्हा आयोग. तुम्ही राहता तिथे, म्हणजे जळगावला दाखल करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही होते. वस्तूला दिलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील सक्तीचा नाही. कंपनी, दुकानदार, सर्व्हिस सेंटर तिघांना पक्षकार करा. कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत आहे. निकाल 3 महिन्यांत, तपासणी लागली तर 5 महिन्यांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त धरून चाला.

पहिल्या वर्षात हाच बिघाड नोंदवला होता का? जुना मेसेज, तक्रार क्रमांक, काहीही शोधा. वॉरंटीत सुरू झालेला आणि नीट न काढलेला दोष असेल तर 'वॉरंटी संपली' या उत्तरात दम राहत नाही.

गावठाण_फीडर
कंपनीची दोन ठरलेली उत्तरं आत्ताच सांगून ठेवतो.

पहिलं: 'व्होल्टेजमुळे गेला.' डीपीवर न्यूट्रल तुटला तर घरात 230 च्या जागी साडेतीनशेच्या वर व्होल्ट येतात, ते खरंच आहे. त्या दिवशी शेजारच्यांचे टीव्ही, पंखेही गेले असतील तर भांडण कंपनीशी नाही, महावितरणशी. 1912 वर नोंदवून तक्रार क्रमांक घ्या. गल्लीत बाकी सगळं सुरळीत असेल आणि एमओव्ही शाबूत असेल, तर व्होल्टेजचं कारण कंपनीने सिद्ध करावं.

दुसरं: 'तुमच्याकडे ऊन फार.' प्लेटवर क्लायमेट क्लास असतो. एसटी म्हणजे खोलीचं तापमान 38 अंशांपर्यंत, टी म्हणजे 43 पर्यंत. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात 43 काही विशेष नाही! टी असेल तर ही सबब फार टिकत नाही. एसटी असेल तर दुकानदाराने खान्देशात तो मॉडेल काय म्हणून विकला, हे विचारायला हरकत नाही.

गॅस लीकवर 'चाकूने बर्फ खरवडला' हेही ऐकवतात. फ्रॉस्ट-फ्रीमध्ये कॉइल मागच्या पॅनलच्या आत असते, स्क्रू काढल्याशिवाय तिथे चाकू पोचतच नाही.

केळीपट्टा_रावेर
प्लेट पाहिली: आर-600ए, 52 ग्रॅम, क्लास टी. चार्जिंग नळीवर कसलीही खूण नाही, डाग नाही. जॉब शीट मागितली तर 'उद्या पाठवतो' म्हणाले. नवा पीसीबी बसवला तर जुना ते घेऊन जातात का?

सर्किटवाला_भुसावळ
मागतात. देऊ नका. पैसे देऊन बदलला तर जुना बोर्ड तुमचा, तसं जॉब शीटवर लिहून घ्या आणि बोर्डाच्या स्टिकरवरच्या सीरियल नंबरचा फोटो ठेवा. गॅसला मात्र आत्ता 'हो' म्हणू नका. आधी फक्त बोर्ड बसवा, फ्रिज रात्रभर चालू द्या. सकाळी फ्रीजरमधलं पाणी गोठलेलं असेल तर गॅस जागेवर आहे.