किंमत नव्हे, भांडवली नफा पाहून ठरवा

पगार आणि थोडे म्युच्युअल फंड असताना प्राप्तिकर विवरणपत्रासाठी विकतचे सॉफ्टवेअर घ्यावे का, या प्रश्नावर सहसा किमतींचीच तुलना होते. माझ्या मते खरा निकष भांडवली नफ्याचा, म्हणजे शेअर किंवा फंड विकून झालेल्या नफ्याचा आहे. एकूण उत्पन्न ५० लाखांपर्यंत असेल, समभागांवरील दीर्घकालीन नफा १ लाख २५ हजार रुपयांच्या आत असेल, अल्पकालीन नफा किंवा पुढच्या वर्षांत ओढायचा तोटा नसेल, तर करनिर्धारण वर्ष २०२५-२६ पासून तो नफा आयटीआर-१ मध्येच (विवरणपत्राच्या सर्वात सोप्या नमुन्यात) दाखवता येतो आणि प्राप्तिकर विभागाचे मोफत पोर्टल त्यासाठी पुरेसे आहे.

मात्र १ फेब्रुवारी २०१८ पूर्वी घेतलेले शेअर विकले असतील, तर ३१ जानेवारी २०१८ च्या सर्वोच्च भावाशी ताडून प्रत्येकाचे खरेदीमूल्य ठरवावे लागते, आणि तिथे ब्रोकरचे विवरण थेट वाचणारे सॉफ्टवेअर आपले पैसे वसूल करून देते (मी हे एकदा हाताने केले आहे, पुन्हा करणार नाही).

सॉफ्टवेअर कोणतेही असो, त्याने विवरणपत्रात आपोआप भरलेले व्याज आणि लाभांशाचे आकडे एआयएसशी (प्राप्तिकर विभागाच्या वार्षिक माहिती विवरणाशी) स्वतः जुळवून पाहावेत.