मदत हवी आहे: डिस्चार्जचा वेळ कमी झाला, पण आमच्यामुळेच झाला हे दाखवायचं कसं?

मंडळी, अडकलेय. आरोग्यसेवा सुधारणा आणि मूल्यमापन या विषयात पीजी करतेय, नोकरी सांभाळून. मूळची नर्स, १२ वर्षं वॉर्डात काढलीत, त्यामुळे कुठे काय अडतंय ते चटकन दिसतं पण तेच कागदावर सिद्ध करायचं म्हटलं की घाम फुटतो.

डॉक्टरांनी 'आता घरी जा' म्हटल्यापासून पेशंट बेड सोडेपर्यंत आमच्याकडे सरासरी ५ तास जायचे. सगळे बिलिंगला शिव्या घालायचे. आम्ही रजिस्टर ठेवून २ आठवडे प्रत्येक फाइल कुठे किती वेळ पडून राहते ते लिहिलं, तर खरी गोची डिस्चार्ज समरीत (पेशंटला घरी जाताना देतात तो उपचारांचा सारांश) निघाली, ती दुपारशिवाय लिहूनच होत नव्हती. मग आदल्या संध्याकाळीच कच्ची समरी तयार ठेवायला लागलो. आता ३ तास. मी खुशीत आधीचा एक खांब नंतरचा एक खांब असा ग्राफ घेऊन गाइडकडे गेले, तर सर म्हणाले, "वेळ कमी झाला एवढं दिसतंय. तुमच्या समरीमुळे झाला हे यात कुठेय?" वर हेही दाखवलं की आम्ही हे सगळं हाती घेतलं तो महिना वर्षातला सगळ्यात वाईट होता, म्हणजे काही न करताही आकडा थोडा खाली आलाच असता.

मुद्दा पटला, कारण ऑपरेशनच्या चेकलिस्टचं (ऑपरेशनच्या वेळी टीमने तपासायच्या गोष्टींची यादी) आम्हाला शिकवलंय. २००९ च्या अभ्यासात ८ हॉस्पिटलांत मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आले आणि २०१४ मध्ये कॅनडातल्या ओंटारियोत १०१ हॉस्पिटलांचा डेटा पाहिला तर म्हणण्यासारखा फरकच नाही. तिथे ही गत तर माझा एक वॉर्ड कुठे लागतो!

डेटा आधीच्या २० आणि नंतरच्या १६ आठवड्यांचा आहे, वेळा कॉम्प्युटरवरून काढल्यात. टाइम सिरीज (आठवड्यागणिक आकडा कसा बदलला ते पाहणं) करायला एवढा पुरेल का? शेजारचा वॉर्ड तुलनेला घ्यावा तर सिस्टर्स दोन्हीकडे फिरत असतात, त्या ही युक्ती तिकडे नेणारच. आणि तेव्हा वॉर्डाचं रोजचं काम म्हणून केलं, एथिक्स कमिटीला विचारलंच नव्हतं, आता डेझर्टेशनला तोच डेटा वापरता येईल का?

प्रतिसाद

ताई, आधी ते दोन खांब फेका. ३६ आठवड्यांचे ३६ ठिपके मांडा, सरासरी नको, मीडियन (सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) घ्या, कारण एखादा पेशंट रात्रीपर्यंत अडकला की सरासरी उगाच फुगते. आधीच्या २० आठवड्यांची मीडियन रेघ ओढा. बदलानंतर सलग ६ किंवा जास्त ठिपके रेघेच्या एकाच बाजूला गेले तर तो नुसता योगायोग म्हणता येत नाही. पण योगायोग नाही म्हणजे तुमच्यामुळेच झालं असंही नाही हं, तिथेच लोक घसरतात. घसरण नेमकी कुठल्या आठवड्यात सुरू होते ते बघा.

शेजारच्या वॉर्डात अजून सुरू केलं नसेल तर उत्तमच. तारीख आधी ठरवा, लिहून ठेवा आणि मग तिथे सुरू करा. तिथेही त्याच तारखेनंतर खाली आलं तर तुमच्या म्हणण्यात दम येतो. सिस्टर्सनी आधीच नेलं असेल तर तेही ग्राफवर दिसेल, लपवू नका.

आणि ३० दिवसांत परत भरती किती झाले ते मोजलंत का? घाईत औषध चुकीचं लिहून पेशंट परत आला तर ते २ तास वाचवून काय मिळवलं.

एथिक्सचं स्वतः ठरवू नका. आधी झालेल्या नोंदी वापरणार असं स्पष्ट लिहून कमिटीकडे अर्ज करा, सूट द्यायची की नाही ते त्यांचं काम. उत्तर येईपर्यंत डेझर्टेशनचं ॲनालिसिस थांबवा.

धागाकर्ती

खूप आभार दादा. अर्जाचा मसुदा करतेय. ग्राफ मात्र वॉर्डाच्या मीटिंगसाठी तसाही लागणार होता म्हणून काल रात्री ठिपके मांडले आणि झोप उडाली. घसरण समरीच्या आठवड्यात नाही, २ आठवडे आधीच सुरू झालीय. म्हणजे आम्ही रजिस्टर घेऊन उभे राहिलो तेव्हापासून! कुणीतरी वेळ लिहितंय म्हटल्यावरच सगळ्यांचे हात भराभर चालायला लागले असणार. समरीनंतर अजून थोडं खाली गेलंय, पण मी समजत होते त्याच्या निम्मंही नाही. आता सिनॉप्सिसचं (डेझर्टेशनच्या आराखड्याचं) शीर्षकच बदलावं लागणार, ते सरांना आधी सांगू की शेजारच्या वॉर्डाचा डेटा हातात आल्यावर?