पोकरच्या डावात नवखे गडी बसले की नियमांवरून वाद, कसे मिटवता?

छपरीतला_डाव

नमस्कार मंडळी. आमचं गाव आर्वी तालुक्यात. दिवाळीत बाहेर शिकणारे, नोकरी करणारे पोट्टे गावी येतात आणि रात्रीची जेवणं आटोपली की छपरीत टेक्सास होल्डेमचा डाव बसतो (पोकरचाच प्रकार: प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मधे सगळ्यांचे मिळून पाच). आठ-नऊ जण. पैसा अजिबात नाही. चिप्सच्या जागी चिंचोका 5 चा, साधं बूच 25 चं, रंगवलेलं बूच 100 चं. प्रत्येकाला सुरुवातीला 1000, ब्लाइंड (दोघांनी पत्ते बघण्याआधी भरायची सक्तीची रक्कम, स्मॉल आणि बिग) 5 आणि 10.

अडचण अशी, की अर्ध्यांना पोकर नीट येतं आणि अर्धे आजवर फक्त तीन पत्ती खेळलेले. दर दोन-चार डावांनी खेळ थांबतो. कलर (सगळे पत्ते एकाच चिन्हाचे) मोठा की सिक्वेन्स (ओळीनं येणारे पत्ते)? न बोलता 100 चं बूच टाकलं तर रेझ (बोली वाढवणं) धरायची की कॉल (समोरच्याइतकंच भरणं)? पत्ते टाकून दिल्यावर कोणी म्हणतं, "थांबा, माझं जमत होतं." मागे उभा असलेला सल्ला देतो. त्यात काका-मामाही खेळायला असतात, आणि वीस वर्षांच्या पोरानं नियम सांगितला की वाद पत्त्यांचा राहत नाही.

निर्णय कोणी द्यायचा आणि नवख्याला सूट किती द्यायची? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

पत्तेपिसणारा

भाऊ, तुमचे तीन पत्तीवाले अडाणी नाहीत. त्यांना एक खेळ पक्का येतो आणि तोच ते इथे खेळतात. म्हणून "पोकरचे नियम शिका" एवढं सांगून भागत नाही. तीन पत्तीतलं काय इथे चालत नाही, तेवढंच पहिला पत्ता वाटायच्या आधी सांगा.

सगळ्यात मोठा घोळ क्रमाचा. तीन पत्तीत ट्रेल (तीन सारखे पत्ते) सर्वांत वर, मग प्युअर सिक्वेन्स (एकाच चिन्हाचा), सिक्वेन्स, कलर, जोडी. पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर जातो आणि ट्रेल या दोघांच्याही खाली येते. नुसतं सांगून मामांना पटणार नाही, कारण सांगा: जे कमी वेळा जमतं ते मोठं. तीन पत्त्यांचे एकूण 22,100 हात होतात, त्यांत ट्रेल 52, साधे सिक्वेन्स 720 आणि कलर 1,096. पाच पत्त्यांचे 25,98,960 हात होतात. तिथे कलर 5,108, सिक्वेन्स 10,200 आणि ट्रेल 54,912. पत्ते पाच झाले की गणितच उलटतं. हा हिशेब एकदा समोर मांडला की त्या मुद्द्यावर पुन्हा कोणी भांडत नाही.

वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत खालून वर लिहून भिंतीला लावा: सुटा मोठा पत्ता, एक जोडी, दोन जोड्या, ट्रेल, सिक्वेन्स, कलर, फुल हाऊस (ट्रेल अधिक जोडी), चारही सारखे, एकाच चिन्हाचा सिक्वेन्स. प्रत्येकापुढे पाच पत्त्यांचं उदाहरण हवंच, नुसती नावं वाचून नवख्याला काही कळत नाही.

एक्का-दुर्री-तिर्री बऱ्याच ठिकाणी तीन पत्तीत दुसऱ्या नंबरचा सिक्वेन्स धरतात. पोकरमध्ये एक्का-2-3-4-5 हा सगळ्यात लहान सिक्वेन्स आहे, तो पंजाचा म्हणून मोजायचा. राणी-बादशहा-एक्का-2-3 असा वळसा घालून सिक्वेन्स होत नाही. इस्पिक मोठं, किलवर लहान हेही इथे नाही. हात सारखे निघाले तर पॉट (मधे जमलेली सगळी बुचं) निम्मा-निम्मा. समान वाटून एखादा चिंचोका उरला, तर तो डीलरच्या (पत्ते वाटणाऱ्याच्या) डावीकडून आधी बसलेल्या विजेत्याला.

आता सर्वांत जास्त भांडण लावणारा प्रसंग. मधे बादशहा, बादशहा, 9, 9, एक्का. एकाच्या हातात दोन गुलाम, दुसऱ्याच्या हातात 10 आणि 8. गुलामवाला म्हणतो, "माझ्या तीन जोड्या." तीन जोड्या हा प्रकारच नाही. सातातले उत्तम पाच पत्ते मोजायचे, आणि इथे दोघांचेही पाच तेच: बादशहाची जोडी, नव्वीची जोडी, एक्का. पॉट वाटून घ्या. हा डाव खेळाआधी पत्ते उघडे मांडून दाखवा, अर्धी रात्र वाचेल.

साइड शो (शेजाऱ्याशी गुपचूप पत्ते ताडून बघणं) नाही. शो मागायला काही भरावंही लागत नाही. शेवटच्या फेरीची बोली संपली की उरलेल्यांनी पत्ते उघडायचे. त्या फेरीत ज्यानं शेवटी बेट (फेरीतली पहिली रक्कम लावणं) किंवा रेझ केली त्यानं आधी. सगळ्यांनी चेक केलं (काही न लावता पाळी पुढे दिली) असेल तर डीलरच्या डावीकडून सुरुवात. आणि तोंडानं काय सांगितलं याला किंमत नाही, उघडे पत्तेच बोलतात. एखाद्यानं "माझी फक्त जोडी आहे" म्हणून पत्ते उघडे ठेवले आणि त्यात कलर दिसला, तर तो कलरच. हे दाखवून देण्याचा हक्क डावातल्या प्रत्येकाला आहे.

किलवर_दुर्री

वर क्रमाचं नीट आलं आहे, मी बुचांबद्दल लिहितो. खरी चिडचिड तिथेच होते.

समोर 25 ची बेट आहे आणि कोणी काही न बोलता 100 चं एकच बूच टाकलं, तर तो कॉल. 75 परत द्या. बूच जमिनीला लागायच्या आधी तो "रेझ" म्हणाला असेल तर रेझ, आणि आकडा सांगितला नसेल तर पूर्ण 100 पर्यंत. समोर बेटच नसेल तर तेच मुकं बूच 100 ची बेट ठरतं. फ्लॉपच्या (मधे उघडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांच्या) आधी मात्र बिग ब्लाइंड हीच बेट आहे, त्यामुळे तिथे मुकं बूच म्हणजे कॉल. जगभरच्या स्पर्धा ज्यांचे नियम वापरतात त्या टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनचा (स्थापना 2001) नियमही हाच आहे. म्हणजे हे पोट्ट्यांनी घरी बसून काढलेलं नाही, हे काकांना सांगायला हरकत नाही.

रेझ किती? तीन पत्तीत चाल दुप्पट करायची सवय असते, म्हणून नवखे इथेही दुप्पटच धरतात. इथे बघायचं ते आधीची वाढ किती होती. बिग ब्लाइंड 10, एकानं 30 केले, म्हणजे वाढ 20 ची. पुढच्याला किमान 50 करावे लागतील, 60 नाही.

कमी पडणारी रेझ हा नेहमीचा तंटा. समोर 100 आहेत आणि एकानं न बोलता एकदम 150 सरकवले. किमान वाढ 100 ची हवी, त्याची 50 म्हणजे बरोबर निम्मी भरली; निम्मी किंवा जास्त भरली तर त्याला 200 पूर्ण करावे लागतात. 145 सरकवले असते तर तो कॉल, 45 परत.

हप्त्याहप्त्यानं बूच टाकणं चालत नाही. 50 ठेवले, समोरच्याचं तोंड पाहिलं, मग हळूच आणखी 100, यात दुसऱ्यावर अन्याय होतो, कारण त्याचा चेहरा वाचून रक्कम ठरते. पहिल्या झटक्यात जेवढं आलं तेवढंच धरा. "तुझे पन्नास, आणि त्यावर माझे शंभर" हेही तसंच. पहिले शब्द कॉलचे, म्हणून कॉल. यावर सोपा उपाय एकच: नवख्यांना हात हलवायच्या आधी तोंडानं आकडा बोलायला लावा. पाळीवर बोललेला शब्द बांधील असतो, त्यामुळे निम्मे वाद तिथेच संपतात.

बुचं थेट मधल्या ढिगात फेकू देऊ नका. प्रत्येकानं आपल्या पुढ्यात ठेवायची, फेरी संपल्यावर डीलरनं गोळा करायची. एकदा ढिगात मिसळली की कोणी किती टाकले हे सिद्ध करता येत नाही. 100 ची बुचं चिंचोक्यांमागे दडवायची नाहीत, आणि डाव चालू असताना खिशातून नवी काढायची नाहीत.

वऱ्हाडी_एक्का

राजेहो, नियम सारे बरोबर हायेत. पण मामा साठीचा हाय, पयल्यांदा बसला हाय, त्याले पयल्याच डावात निम्म्या रेझचा हिशेब सांगसान तं तो उठून जाईन. मी तं दोन भाग करतो. ज्या चुकीनं फक्त त्याचंच नुकसान होते किंवा कोनाचंच होत नाई, तिथं पयल्यांदा सूट द्या. मुकं बूच टाकलं तं "मामाजी, कॉल का रेझ?" असं इचारून घ्या, पन पुढच्यानं खेळायच्या आंधी. अन् नियम मामाले नका सांगू, साऱ्याईले सांगा: "आतापासून न बोलता एक बूच म्हनजे कॉल." मानूस दुखावत नाई अन् नियम लागू होते. दुसऱ्यांदा सूट नाई, मंग तो मामा असो का सरपंच.

पन ज्यानं दुसऱ्याच्या पॉटले धक्का लागते, तिथं पयल्या डावापासून कडक राहा. टाकलेले पत्ते त्यातलं पयलं. पालथे पत्ते टाकलेल्या ढिगात मिसळले की मेले, "माझं जमत होतं" म्हनून काई होत नाई. कोनते पत्ते त्याचे होते हे कोन सांगन? ज्यानं पत्ते उघडे मांडले अन् तो हात जिंकनारा दिसला, त्याचा हात मात्र डीलरच्या चुकीनं मारता येत नाई. म्हनून नवख्याले दोन गोष्टी सांगजा: डाव संपेपर्यंत पत्ते हातचे सोडाचे नाई, अन् त्याच्यावर काड्यापेटी नाईतं गोटा ठेवाचा, म्हनजे डीलर चुकून ओढून नेत नाई.

दुसरं, मागून बोलनारा. एका हातावर एकच खेळनारा. टाकून बसलेल्यानंही "माह्याकडे एक्का होता" असं डाव चालू असताना बोलाचं नाई, त्यानं दुसऱ्याचा हिशेब बदलते. मांगं उभं राहाचं असन तं गुमान.

निवाडा देनारा आंधीच ठरवा, दोन जन. एक त्या डावात असला तं दुसरा सांगन. वाद झाला की पॉटले हात नाई लावाचा, पत्ते जागेवर राहू द्याचे. पयले डीलरले इचारा काय झालं, मंग दोघंही एकेकदा सांगतीन, मंग निवाडा. पटला नाई तरी डाव पुढं चालवाचा, बोलनं डाव संपल्यावर.

छपरीतला_डाव

खूप आभार सगळ्यांचे. वऱ्हाडी भाऊ, ती दोन भागांची गोष्ट पटली. आणखी तीन ठिकाणी अडतं: पाळी नसताना खेळणं, वाटताना पत्ता उघडा पडणं, आणि ऑल-इनचा (जवळचं सगळं लावण्याचा) हिशेब.

पत्तेपिसणारा

पाळी नसताना कोणी खेळला तर त्याची खेळी धरून ठेवा आणि ज्याची पाळी आहे त्याच्याकडे परत या. त्यानं चेक, कॉल किंवा फोल्ड केलं (पत्ते टाकले), तर आधीची खेळी कायम. त्यानं बेट किंवा रेझ केली, तर परिस्थिती बदलली. आगाऊ टाकलेली बुचं परत द्यायची आणि त्याला सगळे पर्याय मोकळे. पाळीआधी पत्ते टाकले असतील तर मात्र ते टाकलेलेच राहतात.

वाटताना पहिल्या दोन पत्त्यांपैकी एक किंवा एकूण कोणतेही दोन उघडे पडले तर पिसून पुन्हा वाटा. मधला एखादाच उघडा पडला तर वाटप पूर्ण करा, त्याच्या बदल्यात उरलेल्या कॅटमधला वरचा पत्ता द्या आणि उघडा पत्ता पहिला बर्न (मधले पत्ते उघडण्याआधी वगळायचा पत्ता) म्हणून बाजूला ठेवा. खेळणाऱ्याच्या स्वतःच्या हातून पत्ता उघडला गेला तर बदलून मिळत नाही. वाटपाची तक्रार किती वेळ ऐकायची याचीही मर्यादा आहे: दोन खेळ्या होऊन त्यातल्या एकीत तरी चिप्स पडल्या, किंवा कोणत्याही तीन खेळ्या झाल्या, की डाव रद्द होत नाही.

फ्लॉपला तीनाऐवजी चार पत्ते आले तर चारही पालथे करून मिसळा. निवाडा देणाऱ्यानं एक उचलायचा, तो पुढचा बर्न आणि उरलेले तीन फ्लॉप. बोली संपायच्या आधीच फ्लॉप उघडला, तर ते तीन पत्ते उरलेल्या कॅटमध्ये घालून पिसा, बोली पूर्ण करा आणि नव्यानं बर्न न करता फ्लॉप उघडा.

ऑल-इन बुचं मांडूनच समजवा. एकाकडे 40, दुसऱ्याकडे 100, तिसऱ्याकडे 250, तिघंही ऑल-इन. प्रत्येकाचे 40 घेऊन मुख्य पॉट 120 चा, त्यावर तिघांचा हक्क. दुसऱ्याचे उरलेले 60 आणि तिसऱ्याचे 60 मिळून बाजूचा पॉट 120 चा, तो फक्त त्या दोघांत. तिसऱ्याचे 150 जागच्या जागी परत. निकाल बाजूच्या पॉटचा आधी लावा, मग मुख्य. आणि एक बारकावा: समोर 100 आहेत आणि कोणी 130 लावून ऑल-इन झाला, तर ती पुरी रेझ नव्हे. आधी खेळून झालेल्यांना उरलेले 30 भरता येतात किंवा पत्ते टाकता येतात, पुन्हा रेझ करता येत नाही.

धुऱ्यावरून

एक सांगतो. बुचं-चिंचोकेच राहू द्या. "शेवटचा डाव दहा-दहा रुपयांचा" अशी टूम रात्री उशिरा निघतेच, तेव्हा घरमालकानं स्पष्ट नाही म्हणावं. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे, आणि जुगाराचा अड्डा चालवणारा आणि तिथे सापडलेला, दोघांवरही त्यात शिक्षा आहे. नाल (डाव बसवणाऱ्यानं पॉटमधून घ्यायचा हिस्सा) काढणं तर दूरच. पैसा आला की निवाडा देणाऱ्याचंही कोणी ऐकत नाही.

छपरीतला_डाव

पैसा येणार नाही, ते पक्कं आहे. शेवटी दोघंच उरले की ब्लाइंड कोणी भरायचा, यावरही दरवर्षी घोळ होतो.

किलवर_दुर्री

दोघं उरले की डीलरच स्मॉल ब्लाइंड भरतो. फ्लॉपच्या आधी तो पहिला खेळतो, फ्लॉपनंतरच्या प्रत्येक फेरीत शेवटी. तिघांवरून दोघांवर येताना एकाच गड्याला लागोपाठ दोनदा बिग ब्लाइंड येणार नाही, हे बघून डीलरची जागा लावा.