मदत हवी आहे : मोठ्या ५ पिन प्लगचा जुना मेकॅनिकल कीबोर्ड बंद पडलाय

शहापूर, बेळगाव (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. नव्वदच्या दशकातला मेकॅनिकल कीबोर्ड आहे. प्लग जाड, गोल, ५ पिनांचा. त्याला पीएस/२ चं (त्यानंतर आलेल्या छोट्या गोल कीबोर्ड पोर्टचं) अडॅप्टर लावून वापर चालू होता. कीकॅप उपसल्यावर आतली दांडी निळी आणि तिचं तोंड अधिकच्या चिन्हासारखं दिसतं, म्हणजे चेरी एमएक्स ब्लू (दाबताना टिक आवाज करणारा स्विच). डीटीपीचं मराठी-कन्नड सगळं काम यावर होतं. मशीनवर जुनं विंडोज आणि डोंगलवालं (पोर्टला किल्ली लावल्याशिवाय न चालणारं) सॉफ्टवेअर असल्यानं पीसी बदलता येत नाही.

पीसी चालू करताना तिन्ही लॉकचे दिवे एकदा लुकलुकायचे, ते आता लागत नाहीत. बायोस (पीसी सुरू होताना सर्वात आधी चालणारा प्रोग्रॅम) कीबोर्ड एरर दाखवून थांबतं. मागे वायर जिथं आत शिरते तिथं ती एका विशिष्ट कोनात धरली की कधीतरी दिवे येतात. तेवढ्या वेळात टाइप केलं तर सात की मुळीच उमटत नाहीत (त्या एका ओळीत नाहीत, सगळीकडे विखुरलेल्या आहेत) आणि इंग्रजी ई दोनदा पडतो. त्याच पोर्टवर दुसरा कीबोर्ड व्यवस्थित चालतो. जांभळं यूएसबी अडॅप्टर लावून लॅपटॉपवरही पाहिलं, काही नाही.

दुकानात सगळे स्विच बदला म्हणाले. खरंच गरज आहे का? मीटर आणि सोल्डरिंग गन घरी आहे.

निपाणी

स्विचना हात लावू नका. शंभर स्विच एकाच दिवशी मरत नाहीत. तुमच्याकडे तीन वेगळे दोष आहेत: दिवे न लागणं हा पॉवरचा, विखुरलेल्या की हा मॅट्रिक्सच्या (कींना जोडणाऱ्या लाइनींच्या जाळीच्या) एका लाइनचा, आणि दोनदा पडणारा ई हा एका स्विचचा. याच क्रमानं जा.

लॅपटॉपवरची चाचणी सोडून द्या. त्या जांभळ्या अडॅप्टरमध्ये नुसत्या तारा असतात, कीबोर्डला स्वतःला यूएसबी कळत असेल तरच ते चालतं. या काळातल्या कीबोर्डला आत चिप असलेलं ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतं.

कीबोर्ड उलटा करून एक्सटी/एटी (आयबीएम पीसीच्या दोन जुन्या पिढ्या) असं लिहिलेला छोटा सरकता स्विच आहे का पाहा. साफसफाईत तो सरकतो. एक्सटी बाजूला गेला तर पीसी कीबोर्ड ओळखत नाही, कारण एक्सटीची बोली एकतर्फी आहे आणि १९८४ च्या एटीपासून ती दुतर्फी झाली.

आता वायर. पीसी बंद करून प्लग काढा. पीएस/२ चालू मशीनवर काढायचा-घालायचा नसतो, मदरबोर्डवरचा फ्यूज उडू शकतो. ५ पिनांच्या प्लगमध्ये १ क्लॉक, २ डेटा, ४ ग्राउंड, ५ म्हणजे +५ व्होल्ट. ३ एटीत वापरात नाही. कमानीवर पिना १-४-२-५-३ अशा क्रमानं बसतात, मधली कायम २. समोरून आणि मागून पाहताना डावं-उजवं उलटतं, म्हणून आधी ४ पक्की करा: पीसीबीवरच्या (आतल्या सर्किट बोर्डवरच्या) रुंद ग्राउंड पट्टीशी जिचा मीटरवर बीप येतो (म्हणजे जोड सलग आहे) ती. मग प्रत्येक पिन ते पीसीबीवरचा कनेक्टर असा बीप घ्या आणि त्याच वेळी वायर शिरते तिथं हलवत राहा.

शहापूर, बेळगाव (धागाकर्ता)

सरकता स्विच एटीवरच आहे. १, २ आणि ४ चा बीप सलग येतो. ५ चा वायर सरळ असताना तुटतो, वाकवली की येतो. अडॅप्टरही तपासलं: मोठ्या प्लगच्या १, २, ४, ५ या पीएस/२ च्या अनुक्रमे ५, १, ३, ४ ला जातात, चारही ठीक.

खानापूर

मग +५ ची तार आत तुटली आहे. दिवे का लागत नाहीत त्याचंही उत्तर हेच. वायर कायम आत शिरते त्या दोन-तीन सेंटीमीटरातच तुटते, कारण सगळा वाक तिथंच पडतो.

रबरी बुशच्या बाहेर साधारण ५ सेंटीमीटरवर वायर कापा. आतल्या कनेक्टरचे शेपूट मात्र ४-५ सेंटीमीटर ठेवा, जोड तिथं द्यायचा आहे. तांबं काळं पडलेलं दिसलं तर अजून मागे कापा. आमच्याकडच्या पावसात दमट हवा तारेच्या आतपर्यंत जाते, आणि काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही, नुसता गोळा बसतो.

चारही जोड एकाच जागी नकोत, १ सेंटीमीटरच्या फरकानं मागेपुढे ठेवा. जोडण्याआधी प्रत्येकावर २ मिलिमीटरची हीट श्रिंक स्लीव्ह चढवून घ्या. शिल्डची जाळी पूर्वी होती तिथंच परत लावा. दुसऱ्या कीबोर्डची वायर वापरणार असाल तर रंगांवर भरवसा नको, कंपनीगणिक रंग बदलतात. +५ चुकून डेटावर गेला तर कंट्रोलर (कीबोर्डची मुख्य चिप) जाऊ शकतो, आणि तेवढा एकच भाग पुन्हा मिळणं अवघड. शेवटी आतल्या बाजूला केबल टाय आवळा, म्हणजे ओढ जोडावर येणार नाही.

लावण्याआधी ४ आणि ५ मध्ये शॉर्ट नाही ना पाहा. लावल्यावर पीसीबीवर ४.७५ व्होल्टच्या वर मिळायला हवेत. काहीही दाबलेलं नसताना क्लॉक आणि डेटा दोन्ही ५ च्या जवळ राहतात. एखादी शून्यावर अडकली असेल तर तिथं शॉर्ट आहे.

शहापूर, बेळगाव (धागाकर्ता)

४.९ व्होल्ट मिळतात, दिवे लुकलुकतात, बायोस पुढं जातं. खूप आभार. मृत की आणि ई अजून तसेच आहेत.

चिकोडी

कीबोर्डमध्ये प्रत्येक कीला वेगळी तार नसते. आडव्या-उभ्या लाइनींची जाळी असते आणि कंट्रोलर एकेक लाइन तपासत जातो. एक लाइन तुटली की तिच्यावरच्या सगळ्या की जातात, मग त्या कुठेही असोत.

प्लग काढून पीसीबीच्या मागून मृत कींचे पाय एकमेकांशी बीप करून बघा की. सगळ्यांत सामाईक अशी एक पट्टी सापडेल. तिच्यावरून कंट्रोलरकडे सरकत जा. बीप जिथं थांबतो त्याच्या अलीकडेच तुटलंय. एकपदरी पीसीबीवर बहुतेक वेळा जंपर तारेच्या टोकाशी ड्राय सोल्डर (सुटलेला टाका) सापडतो: टाक्याभोवती बारीक गोल चीर, भिंगातून नीट दिसते. थोडा फ्लक्स, ३४० अंशांच्या आसपास टोक, तीन सेकंद, बस. जास्त वेळ धरलात तर जुन्या पीसीबीची तांब्याची टिकली उचलून येते. पट्टीवर हिरवं साचलं असेल तर आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) धुवा, ब्लेडनं हलकं खरवडा आणि वरून बारीक तार टाका. लाइनवर डायोड असतील तर मीटरच्या डायोड मोडवर एका बाजूनं ०.५ ते ०.७ यायला हवं, उलट्या बाजूनं काही नाही.

ई साठी: की दाबून धरून दांडीच्या कडेनं आयपीएचे दोन-तीन थेंब सोडा (मोबाइल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात ९९ टक्केवालं मिळतं), पन्नासेक वेळा दाबा आणि रात्रभर वाळू द्या. गंजावरचा तेलकट स्प्रे अजिबात मारू नका. त्यावर धूळ बसते आणि ब्लूचा आवाजही मरतो.

फरक पडला नाही तर ईचा आणि स्क्रोल लॉकचा स्विच अदलाबदल करा. स्क्रोल लॉक डीटीपीत कोण दाबतंय! स्विचला दोनऐवजी चार पाय असतील तर आत डायोड किंवा जंपर आहे. तसाच स्विच तसाच बसवा. नवाच घ्यायचा झाला तर एमएक्सच्या पायांतलं अंतर बदललेलं नाही, आजचा ब्लू बसतो. पत्र्याची प्लेट नसेल तर बाजूला प्लास्टिकचे दोन जादा पाय असलेला, पीसीबी माउंटवाला मागा. इथं नाही मिळाला तर पुण्याची बुधवार पेठ किंवा बंगळूरचा एसपी रोड.

शहापूर, बेळगाव (धागाकर्ता)

स्पेसच्या वरच्या जंपरला चीर होती. टाका नवा केला, सातही की आल्या. ई आयपीएनं सुधारला, पण हळू दाबला तर अजून कधीकधी दोनदा पडतो.

चिकोडी

हळू दाबल्यावरच पडतो म्हणजे आतल्या संपर्काची पत्ती थकलीय, ती धुऊन यायची नाही. अदलाबदल करून टाका. काढताना सोल्डर ओढायच्या पंपानं दोन्ही पाय पूर्ण मोकळे झालेत का, चिमट्यानं हलवून बघा. पाय हलत नसेल तर जोर न लावता थोडा नवा सोल्डर घालून पुन्हा ओढा.