कानातला आवाज : ‘सवय करून घ्या’ म्हणतात, पण ती करायची कशी?

जॉबर_इचलकरंजी

नमस्कार मंडळी. मी इचलकरंजीत साध्या मागांवर जॉबर आहे, म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारा. वय ४७, शेडमध्ये २६ वर्षं झाली. दोन्ही कानांत कायम ‘कुंईऽऽ’ असा आवाज येतो. रातकिड्यासारखा, पण रातकिडा मधनं मधनं थांबतो तरी. हा थांबत नाही.

सुरू कधी झाला ते सांगता येत नाही. कळला कधी ते मात्र पक्कं आठवतंय. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला आणि गावातले माग बंद पडले. आमच्या गल्लीत रात्रंदिवस खटाखट असायची, ती एकदम गेली. दुसऱ्या की तिसऱ्या रात्री मी उठून बाहेर आलो, वाटलं कोपऱ्यावरचा डीपी वाजतोय. डीपीखाली जाऊन उभा राहिलो, तिथंही तेवढाच आवाज. घरचीला उठवलं, ती म्हणाली, कसला आवाज, सगळं चिडीचूप आहे की. मग दोन्ही कानांत बोटं घातली, तर आवाज वाढला. तेव्हा कळलं की हा बाहेरचा नव्हे.

माग चालू झाले की झाकून जायचा, म्हणून मी दुर्लक्ष केलं. आता टीव्ही चालू असताना पण ऐकू येतो.

जॉबरचं काम हातापेक्षा कानावर चालतं. धोटा (आडवं सूत घेऊन इकडून तिकडे पळतो तो) नीट जात नसेल, त्याला ढकलणारा पिकर झिजला असेल, तर मागाचा ठोका बदलतो. तो मला चार माग पलीकडून कळायचा. आता मागाच्या फ्रेमवर तळहात ठेवून बघावं लागतं. मालकाला अजून सांगितलेलं नाही.

कानाच्या डॉक्टरांनी मशीनवर तपासलं, कागद दिला, गोळ्या दिल्या. दोन महिने खाल्ल्या, फरक नाही. परत गेलो तर म्हणाले, याला औषध नाही, सवय करून घ्या. ते खोटं बोलले असं मी म्हणत नाही. पण सवय करायची म्हणजे रात्री अकराला अंथरुणावर पडल्यावर मी नक्की काय करायचं? सध्या कानांत कापसाचे बोळे घालून झोपतो. दोन-अडीचला जाग येते ती येतेच. मागच्या आठवड्यात असाच उठून गच्चीवर बसलो होतो आणि मनात नको ते विचार आले. घरी बोललो नाही. इथं लिहितोय.

माळावरचा

दादा, माझ्या आईच्या कानात असाच आवाज यायचा. तिळाच्या तेलात लसूण कडकवून, कोमट झालं की दोन थेंब घालायची. तिला आराम पडला. करून बघा. आणि जागरण टाळा, काळजी घ्या.

श्रवणतज्ज्ञ_पुणे

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, ऐकू येण्याच्या तपासण्या हेच माझं काम. माळावरचा यांनी मायेनं सांगितलंय, पण दादा, तेल घालू नका. त्यांच्या आईच्या कानात मळ साठला असेल. मळानंही आवाज येतो आणि तो निघाला की थांबतो. तुमचं दुखणं पडद्याच्या खूप आत आहे, तिथं तेल पोचत नाही. पडद्याला भोक असेल तर कान वाहायला लागेल ते वेगळंच.

तुमच्याकडचा तो कागद काढा. माझा अंदाज, आलेखातली रेघ ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे बारीक, वरच्या पट्टीतल्या आवाजांपाशी, खड्ड्यात गेली असेल आणि ८००० ला जरा वर आली असेल. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसाचा आलेख बहुतेक असाच दिसतो. आतल्या कानात शंखासारखा वळलेला एक भाग असतो, कॉक्लिया. त्यातल्या केसाळ पेशी आवाजाच्या माऱ्यानं मरतात आणि माणसाच्या कानात त्या परत उगवत नाहीत. मग त्या पट्टीतले निरोप मेंदूला यायचे बंद होतात, आणि मेंदू कान टवकारून बसतो. हे कुंई बहुधा त्या टवकारण्यातून तयार होतं. भास नाही हा, वेडही नाही.

८५ डेसिबलला ८ तास हे सुरक्षित धरतात. त्यापुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करायची. त्या हिशेबानं १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. धोट्याच्या मागांची शेड साधारण ९५ ते १०० च्या घरात असते. तुमची पाळी किती तासांची, ते तुम्हीच बघा.

कापसाचं सांगते. शेडमध्ये कापूस फारसं काही अडवत नाही, आणि रात्री बाहेरचे बारीकसारीक आवाज अडवतो. म्हणजे नेमकं उलटं होतंय. जितकी शांतता, तितका आतला आवाज मोठा. रात्री कानांत काहीही घालू नका. शेडमध्ये फोमचे प्लग वापरा, पण ते नुसते खोचून चालत नाही. बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवायचा.

तुमचा दोन्ही कानांत सारखा आहे, म्हणून मला तातडी वाटत नाही. पण कुणाचा आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, सोबत चक्कर येत असेल, तर पुढच्या तपासण्या करायलाच हव्यात. आणि एका-दोन दिवसांत अचानक ऐकू यायचं कमी झालं तर थांबूच नका. त्यावर स्टिरॉइडचा उपयोग लवकर दिलं तरच होतो, पहिल्या दोन आठवड्यांत.

एक प्रश्न : बोलण्यात ‘सात’ आणि ‘आठ’ असा घोळ होतो का?

जॉबर_इचलकरंजी

मॅडम, पाळी १२ तासांची. तो हिशेब वाचून गप्प बसलो. आणि कागदावर खड्डा आहे, ४००० लाच, दोन्ही कानांना.

सात-आठचं बरोबर ओळखलंत. आवाज येतो पण शब्द कळत नाही. पोरगी पलीकडच्या खोलीतून बोलली की नुसतं हूं म्हणतो. तिला वाटतं, बाबाचं लक्ष नाही.

श्रवणतज्ज्ञ_पुणे

स, श, च, त, थ ही अक्षरं त्याच वरच्या पट्टीत येतात, ती गळतात. मुलीला हा आलेख दाखवा आणि समोर येऊन बोलायला सांगा. श्रवणयंत्राची चाचणी नक्की घ्या. बाहेरचे आवाज नीट आत यायला लागले की बऱ्याच जणांचा आतला आवाज मागे पडतो. मुंबईला वांद्र्यात अली यावर जंग संस्था आहे, तिथं तपासणी आणि यंत्र दोन्हीची सोय आहे. आवाजानं आलेला बहिरेपणा कायद्यात व्यावसायिक आजार म्हणून धरलेला आहे, नुकसानभरपाईसाठीही. म्हणून तो कागद जपून ठेवा, झेरॉक्स काढा.

कराडच्या_बाई

भाऊ, गच्चीचं वाचलं. आधी त्याबद्दल. आज घरी सांगा, उद्यावर टाकू नका. मी माझ्या मिस्टरांना आठ महिने सांगितलं नव्हतं आणि ते आठ महिने या दुखण्यातले सर्वांत वाईट होते. रात्री तसं वाटलं तर १४४१६ लावा, टेली-मानस ही सरकारची मानसिक आधाराची हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. एकट्यानं गच्चीवर जाऊ नका.

माझं वय ६३, प्राथमिक शाळेत शिकवत होते. १९९६ ला टीबी उलटला तेव्हा स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं घ्यावी लागली. टीबी बरा झाला, कानात शिट्टी राहिली. तीन गल्ल्या पलीकडं कुकर लागलाय आणि कुणी गॅस बंद करत नाही, अशी. आज लिहितानाही ती आहे.

मलाही ‘सवय करा’ एवढंच सांगितलं होतं. म्हणून तुमचा प्रश्न मला फार कळला. मी काय केलं, चुकलं कुठं, ते सांगते.

पहिली चूक म्हणजे वही. रोज झोपताना आवाजाला दहापैकी मार्क द्यायचे. मास्तरीण ना मी. आज सात, काल सहा. दोन महिन्यांनी लक्षात आलं की मार्क द्यायला मी रोज कान लावून बसते आणि मग तो सोडत नाही. वही चुलीत घातली.

दुसरी चूक, आवाज बुडवायला रेडिओ मोठा लावायचा. रेडिओ बंद केला की शिट्टी दुप्पट. खरी रीत पुण्याच्या एका समुपदेशक बाईंनी शिकवली : बाहेरचा आवाज शिट्टीपेक्षा किंचित कमी ठेवायचा. दोन्ही ऐकू आले पाहिजेत. मेंदूला तिच्यासोबत राहायला शिकवायचंय, तिला लपवायचं नाही. उशाला छोटा रेडिओ, सांगली आकाशवाणी. रात्री कार्यक्रम संपले की नुसती खरखर उरायची, आणि मला झोप लागायची ती त्या खरखरीत! आता मुलानं मोबाइलवर पावसाचा आवाज भरून दिलाय.

त्याच बाईंनी आणखी एक करून घेतलं. जाग आली की मनात येणारं पहिलं वाक्य कागदावर लिहायचं. माझं रोज एकच असायचं, ‘मी आता वेडी होणार.’ मग विचारायच्या, गेल्या शंभर रात्रीत किती वेळा झालात? दुसऱ्या दिवशी शाळेत गेलात का? मुलांना पाढे शिकवलेत का? पहिल्याचं उत्तर एकदाही नाही, बाकी दोन्हींचं हो. सीबीटी म्हणतात त्याला, विचार तपासून बदलायची उपचारपद्धत. शिट्टी तेवढीच राहिली, पण ती ऐकली की छाती धडधडायची ते हळूहळू थांबलं. दीड वर्ष लागलं, भाऊ. एका दुपारी मेथी निवडायला बसले, दोन जुड्या संपल्या, हात झटकले आणि ध्यानात आलं की मघापासून शिट्टीची आठवणच नव्हती. आठवण झाली तशी ती आली परत. पण त्या दोन जुड्या माझ्या होत्या.

तेव्हा रात्री अकराला करायचं ते एवढंच : कापूस काढा, पंखा किंवा पाऊस बारीक लावा, घड्याळ डोळ्यांआड ठेवा. वीस मिनिटं झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसा, काहीतरी हातात घ्या, डोळे जड झाले की परत या. मालकालाही सांगा.

जॉबर_इचलकरंजी

दोन महिन्यांनी लिहितोय, माफी असावी.

घरचीला त्याच रात्री सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, डीपीखाली उभा होतास तेव्हाच सांगायचं होतंस. आता जाग आली की ती पण उठते आणि आम्ही कोपऱ्यातल्या कांडी मशिनपाशी बसून कांड्यांचा (मागाला लागणाऱ्या सुताच्या रिळांचा) हिशेब लिहितो. १४४१६ ला एकदा लावला. बाईंनी घाई न करता ऐकून घेतलं.

प्लग घातले. पहिले पंधरा दिवस ठोके चुकले, एका मागाचा पिकर तुटेपर्यंत कळलं नाही. आता प्लग असताना पण फरक कळायला लागलाय, तळहात अजून लागतो. मालकाला कागद दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी प्लगचा डबा टेबलावर होता. शेडमध्ये १९ वर्षांचा एक पोरगा नवीन आलाय. त्याला पहिल्या दिवशीच शिकवलं, हात डोक्यावरून घे, कान वर ओढ, धरून ठेव. तो घालतो.

यंत्राच्या चाचणीला दिवाळीनंतर मुंबईला जाणार. आवाज आहे तेवढाच आहे. दोनला यायची ती जाग आता चारला येते.

बाई, एक विचारायचं होतं. पावसाला एक तासाचा टायमर लावतो. तो थांबला की त्याच मिनिटाला जाग येते. टायमर काढू का?

कराडच्या_बाई

काढा. रात्रभर चालू दे. चार्जिंगची वायर तेवढी अंथरुणापासून लांब ठेवा.