निवासी शाळा आणि डिस्लेक्सिया + एडीएचडी: प्रवेशाआधी काय पाहावं?

जलतरंग
मुलगा सातवीत जाईल, वय 12. डिस्लेक्सियाचं (वाचन-लेखनातली अडचण) निदान झालंय, एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) मेथिलफेनिडेट हे औषध चालू आहे. आमच्या बदल्यांमुळे पाचगणीतल्या खासगी सीबीएसई निवासी शाळांचा विचार चाललाय. माहितीपत्रकात सगळेच ‘सर्व क्षमतांच्या मुलांचं स्वागत’ लिहितात. भेटीत नेमकं काय विचारायचं? आणि रिपोर्ट आत्ताच दाखवावा की प्रवेश झाल्यावर?

रिसोर्सरूम
रिपोर्ट आधीच दाखवा. लपवलात तर पहिल्या सत्रात ‘अभ्यास करत नाही’ असा शिक्का बसतो, आणि पुढे फी अडकलेली असताना शाळा हात वर करते. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 16 सरकारमान्य खासगी शाळांनाही लागू आहे, त्यामुळे केवळ निदानावरून नकार देता येत नाही.

वर्ग सगळेच छान दाखवतात. तुम्ही संध्याकाळचा प्रेप बघायला मागा. निवासी शाळेत घरचा अभ्यास तिथे होतो, आणि नेमका तिथे विशेष शिक्षक नसतो. चाळीस मुलांवर एक हाउसमास्टर, तोही वह्या तपासत बसलेला. प्रश्न वाचून दाखवायला कोण आहे? वेगळी शांत खोली आहे का? उपचारात्मक तास (वाचन-लेखनाची खास शिकवणी) आठवड्यातून किती, आणि ते कोणत्या तासिकेतून कापतात? खेळ किंवा चित्रकलेतून कापत असतील तर मूल महिन्याभरात त्या तासांना वैतागतं.

विशेष शिक्षकाचा आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी क्रमांक मागा. ‘आमच्या समुपदेशक बघतात’ हे उत्तर पुरेसं नाही.

कडुनिंब
औषधाबद्दल. मेथिलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत येतं: चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार ठेवून घेतो. छोट्या गावात ते सहज मिळेल असं धरू नका. साठ्याची सोय सुट्टीतच डॉक्टरांशी बोलून ठरवा. गोळ्या मुलाच्या पेटीत नकोत. इन्फर्मरीत (शाळेच्या दवाखान्यात) कुलूपबंद कपाट आणि सहीची नोंदवही हवी.

साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. सकाळी आणि दुपारी घेतली तरी प्रेपपर्यंत तो ओसरलेला असतो, म्हणून गणित-व्याकरण तेव्हा ठेवू नये. डोस स्वतःहून संध्याकाळी सरकवला तर झोप जाते. गोळी नाश्त्यानंतर द्यावी. दुपारी भूक मरते, मेस मात्र ठरल्या वेळेला बंद होते. तेव्हा रात्री दूध-खाण्याची सोय आणि दर महिन्याला वजन, दोन्ही लेखी घ्या.

जलतरंग
धन्यवाद, प्रेपचा मुद्दा डोक्यातच नव्हता. निदान खासगी क्लिनिकचं आहे. चालेल?

रिसोर्सरूम
शाळेच्या अंतर्गत सवलतींना बहुधा चालतं. बोर्डासाठी सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र घ्या. मुंबईत सायन रुग्णालयात यासाठी वेगळं क्लिनिक आहे. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. चाचणी मुलाच्या माध्यमाच्या भाषेतच व्हावी. माध्यम नुकतंच बदललं असेल तर निकाल फसवा येऊ शकतो.

केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रमाणपत्र वयाच्या 8व्या वर्षापासून मिळतं, मग 14 आणि 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी. तुमच्या मुलाची 14ची तपासणी नववीच्या आसपास येईल. फेऱ्या एकापेक्षा जास्त होतात, तेव्हा ती दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीत बसवा. सत्राच्या मधे घाट उतरवून आणत बसू नका.

सीबीएसईत तासाला 20 मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. शिवाय लेखनिक, आणि माध्यमिकला दोन सक्तीच्या भाषांऐवजी एकच घेण्याची मुभा. पण हे शाळेनं बोर्डाकडे वेळेत नोंदवलं तरच. मागच्या दहावीत किती मुलांसाठी नोंदवलं, विचारा. आकडा चटकन सांगता आला नाही तर समजून घ्या.

कडुनिंब
+१. भाषांचं मात्र आत्ताच बोला: 2020च्या कायद्यामुळे राज्यात सर्व बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. इंग्रजी, हिंदी, मराठी तिन्ही सातवीत एकदम अंगावर येतील. स्पेलिंगचे गुण कापणार की नाही, हे प्रत्येक भाषेसाठी लेखी घ्या.